कूलर, सुकट आणि रात्री अकराचा फोन

पत्र थोडक्यात असं: पत्र लिहिणारी मुलगी धुळ्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव अमळनेर तालुक्यात. जुलैपासून ती देवपुरात एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत राहते. सोबत त्याच कॉलेजची, सातपुड्यातल्या धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरची आदिवासी मुलगी आहे. दोघींची आधी ओळख नव्हती, खोली शोधताना भेटल्या. आता एकीला दुसरी नकोशी झाली आहे. रूम पार्टनर रात्री अकराला घरच्यांशी फोनवर बोलते, तेही पावरीत, म्हणजे तिच्या घरच्या बोलीत, त्यामुळे आपल्याबद्दलच बोलत असेल असं हिला वाटतं. नळाला पाणी येतं त्या पहाटे ती बादल्या आपटते. सुकट भाजते, हिच्या घरी सगळे माळकरी. हिचं तेल आणि हिच्या आईने दिलेलं लोणचं विचारल्याशिवाय वापरते. भाड्याचा हिस्सा दोनदा उशिरा दिला. होळीला न सांगता दहा दिवस गावी गेली. आणि मार्चचं लाइट बिल वाढल्यावर म्हणाली, "कूलर तुझा आहे, वाढीव पैसे तूच दे." हिची आई म्हणते भांडी वेगळी कर. मैत्रिणी म्हणतात घरमालकीण काकूंना सांगून तिला काढ. परीक्षा महिन्यावर आली आहे. विचारते आहे: "मी खोली बदलू, काकूंना सांगू, की मे महिन्यापर्यंत सहन करू? आणि पुढच्या वर्षाचं काय?"

बेटा,

तुझं चार पानी पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुझी बाजू पूर्ण पटली. झोप मोडणं, पैसे अडकणं, आपली वस्तू कुणी न विचारता घेणं, यातलं काहीही छोटं नाही. बारा बाय दहाच्या खोलीत तर मुळीच नाही. दुसऱ्यांदा वाचताना मात्र मी पेन्सिल घेऊन बसले आणि एकाच वाक्याखाली रेघा मारत गेले. सहा ठिकाणी ते वाक्य आलं आहे: "तिला कळायला हवं ना." मी आडवी झाले की फोन बाहेर घ्यावा, हे तिला कळायला हवं. तेल संपलं की पुडा आणावा, हे कळायला हवं. आणि शेवटच्या पानावर तू लिहितेस, "नऊ महिन्यांत मी तिला एका शब्दाने बोलले नाही." हे तू जरा अभिमानाने लिहिलं आहेस.

त्या अभिमानाबद्दल मला आधी बोलायचं आहे, कूलर नंतर.

आपल्याकडे मुलीला गप्प बसणं शिकवावं लागत नाही, ते ती घरात बघूनच शिकते. उलट बोलली नाही म्हणजे पोर गुणाची. घरात न बोलता चालतंही, कारण एकाच चुलीपुढे अठरा वर्षं काढलेली असतात. न्हाणीतली बादली भरून ठेवायची की पालथी घालायची, शेवटची भाकरी कुणासाठी राखायची, दुपारी कोण झोपतं आणि तेव्हा कढई कशी घासायची, हे तुला कुणी शिकवलं? कुणीच नाही. ते तुझ्यात मुरलं. तिच्या घरचंही असंच तिच्यात मुरलं आहे, पण ते वेगळं आहे. आता त्या खोलीत दोन घरांच्या न सांगितलेल्या रीती एकमेकींवर आदळताहेत. तुला वाटतं ती रीत मोडते आहे. ती तिच्या रीतीनेच चालली आहे.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. मी कॉलेजला असताना जळगावात आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. स्टोव्हवर स्वयंपाक, रॉकेल रेशनवर. कॅन भराभर खाली जायला लागला तसा माझा तिच्यावर संशय. बोलले नाही. कॅनवर खिळ्याने बारीक रेघ ओढून ठेवली, रोज संध्याकाळी बघायची. पंधरा-वीस दिवसांनी कॅन उजेडात धरला तर माझ्या रेघेखाली दुसरी रेघ होती. मी ओढलेली नव्हती. म्हणजे तीही रोज बघत होती, माझ्यावर. त्या दिवशी तरी हसून बोलायला हवं होतं. आम्ही बोललो नाही. उरलेलं वर्ष तसंच गेलं, तिने खोली सोडली आणि पुन्हा कधी भेट झाली नाही. रॉकेल कुठे जात होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. पुढे बरीच वर्षं मी मुलींचं वसतिगृह सांभाळलं. खोलीतली भांडणं सोडवायला बसले की मला त्या दोन रेघा दिसायच्या.

आता तुझ्याच पत्रातली एक ओळ तुला परत वाचून दाखवते. "पाण्याच्या दिवशी पहाटे साडेचारला उठून बादल्या आपटते, माझी झोपमोड होते." अगं, ती पाणी भरत होती. धुळ्यात नळाला रोज पाणी येत नाही, हे तुला मी सांगायला नको. ज्या दिवशी येतं त्या दिवशी भरून घेतलं नाही तर पुढचे दिवस काढायचे कसे? त्या बादल्यांचं पाणी तू वापरलंस की नाही? पत्रात कुठेही "पाणी आम्ही आळीपाळीने भरतो" असं नाही. दर शनिवारी तू अमळनेरची गाडी धरतेस, सोमवारी सकाळी परततेस, आणि ड्रम भरलेला असतो. तो कोण भरतं याचा हिशेब तुझ्या चार पानांत आलेला नाही. तिने चार पानं लिहिली असती तर पहिल्या पानावर तोच आला असता.

हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. आपण काय सोसतो ते आपल्याला नीट दिसतं आणि समोरचा काय करतो ते दिसत नाही, हे माझंही होतं, सगळ्यांचंच होतं. म्हणून बोलायला बसण्याआधी दोन कामं कर. एका कागदावर तुझ्या तक्रारी लिही. दुसऱ्यावर ती तुझ्याबद्दल काय लिहील ते लिही, प्रामाणिकपणे. दुसरा कागद कोरा राहिला तर अजून बोलायला बसू नकोस.

फोनचं घे. धडगाव तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर आजही मोबाइलला धड रेंज मिळत नाही. टेकाडावर, रस्त्याच्या वळणावर, अशी कुठेतरी मिळते. सध्या तिकडे कैरीचे दिवस आहेत. कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, फोडी उन्हात घालायच्या, त्यातूनच ते आमचूर होतं, जे ती डाळीत घालते आणि जी डाळ तुला "एक नंबर लागते." दिवसभर त्यात गेलेली माणसं जेवणं आटोपून रेंजच्या जागी येत असतील तर अकराच वाजणार. तिच्या घरी असंच असेल असं मी म्हणत नाही. तू विचार, एवढंच म्हणते. "एवढ्या रात्री का गं येतो तुझ्या घरचा फोन?" हा प्रश्न नऊ महिन्यांत एकदाही विचारला गेला नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

पावरीत बोलते म्हणजे तुझ्याबद्दलच बोलते, हे मात्र डोक्यातून काढ. तुझी आई फोनवर "जेवन व्हयनं का तुन्हं?" म्हणते आणि तू अहिराणीत भडाभडा बोलतेस, तेव्हा धडगावच्या पोरीला त्यातलं किती कळतं? तिलाही वाटू शकतं की ही माझी गाऱ्हाणी सांगते आहे. आणि खरं सांग, तू सांगतच होतीस ना?

मार्ग काय? तिला रात्री अकराला गच्चीवर किंवा जिन्यात पाठवू नकोस, एकट्या मुलीला ते बरं नाही. इयरफोन लावून, आवाज बारीक ठेवून, दाराजवळ बसून दहा मिनिटं बोलावं, दिवा बंद असावा, इतकं मागणं रास्त आहे. परीक्षेच्या महिन्यात रोजच्याऐवजी एक दिवसाआड, हेही मागता येईल. त्या बदल्यात तुला काय द्यावं लागेल ते ती सांगेल. पहाटे गजर तीनदा वाजवून पुन्हा झोपतेस असं तूच लिहिलं आहेस.

सुकटीचं जरा सविस्तर बोलते. माळकरी घरात वाढलेल्या मुलीला तो वास सहन होत नाही, पोटात ढवळतं, हे खरं आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण पुढची ओळ तू आईच्या तोंडची लिहिली आहेस: "त्या लोकांचं काही सांगता येत नाही, भांडी वेगळी कर." बेटा, इथे मी थांबले. वास ही एक गोष्ट आहे आणि "ते लोक" ही दुसरी. वासावर उपाय आहे. एक कढई आणि एक तवा सुकटीचा म्हणून ठरवायचा, खिडकी उघडून भाजायचं, आणि तू शनिवार-रविवार नसतेसच, तेव्हा तिला मोकळीक. हे तिला समजावून सांगितलंस तर ती नाही म्हणेल असं मला वाटत नाही. पण ताट-वाटी वेगळी, पेला वेगळा, हे सुरू केलंस तर तिला ते त्याच दिवशी कळेल. सातपुड्यातून खाली शिकायला आलेल्या पोरींनी हे आधीही पाहिलेलं असतं, त्या बोलत नाहीत इतकंच. वसतिगृहात एका मुलीने माझ्यापुढे तिचा पेला आणून ठेवला होता. पेल्याला दुसऱ्या मुलींनी लाल दोरा बांधला होता, ओळखू यावा म्हणून. तिने तक्रार केली नाही. "मॅडम, हा तुमच्याकडेच ठेवा, मी ओंजळीने पिते," एवढंच म्हणाली. ते मला आजही सहन होत नाही. तिच्या हातची डाळ तू मिटक्या मारत खाल्लीस, ते पातेलंही तिनेच घासलं होतं. आईला हे तूच सांगू शकतेस. आई तुझं ऐकेल, माझं नाही ऐकणार.

तेल आणि लोणचं. इथे मी तुझ्या बाजूने आहे. आईने दिलेली बरणी विचारल्याशिवाय उघडणं बरोबर नाही. पण तिचं आमचूर तू विचारून घेतेस का? नसशील तर तुम्ही दोघींनी न बोलता एक समाईक चूल आधीच मांडली आहे, फक्त तिचा हिशेब ठरलेला नाही. तो ठरवा. तेल, साखर, चहा, दूध, गॅस समाईक. घरून आलेलं ज्याचं त्याचं, विचारून घ्यायचं. दाराच्या मागच्या खिळ्याला दोरीने एक वही बांधा. काय आणलं, किती रुपये, कुणी, तारीख. दर महिन्याच्या 5 तारखेला बसून बेरीज. दहा रुपयांचा कडीपत्ता-कोथिंबीर लिहीत बसू नका, नाहीतर ती वहीच नवं भांडण होईल.

भाड्याबद्दल एक माहिती देते, ती इतर वाचकांनाही उपयोगी पडेल. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांना स्वयम् योजनेतून राहण्या-जेवणाचा खर्च थेट बँक खात्यात मिळतो. तो दर महिन्याच्या पगारासारखा येत नाही, हप्त्याने येतो. तुझी रूम पार्टनर त्या योजनेत आहे की नाही ही चौकशी करणं तुझं काम नाही. "तुझे पैसे साधारण कधी येतात, आपण त्याप्रमाणे ठरवू" असं विचारणं मात्र तुझंच काम आहे, कारण मध्ये तुझ्या वडिलांचे पैसे गुंततात. दोन्ही वेळा तिने पैसे परत दिले, हे तूच लिहिलं आहेस. उशिरा देणारी आणि बुडवणारी यांत फार अंतर असतं. दोघी मिळून काकूंकडे जा आणि तिच्या हिश्शाची तारीख पुढे करून मागा. त्याच वेळी तुझी मर्यादाही सांग: "एका महिन्यापेक्षा जास्त मला भरता येणार नाही, बाबा शेतीवर आहेत." हे म्हणण्यात काही वाईट नाही. मर्यादा आधी सांगितली की नंतर तोंड फिरवावं लागत नाही.

आता कूलर. गणित करू, तू सायन्सची आहेस. कूलर साधारण 200 वॅटचा धर. रात्री दहा तास चालला तर 2 युनिट, महिन्याला 60. थंडीत तिचा पाण्याचा रॉड चालायचा आणि "तेव्हा मी निम्मं बिल भरलंच ना" असं तू म्हणतेस. रॉड 1500 वॅटचा धरला आणि रोज वीस मिनिटं चालला तर अर्धं युनिट, महिन्याला 15. म्हणजे तिच्या रॉडच्या चौपट तुझा कूलर. शिवाय युनिट 100 च्या वर गेले की पुढचा दर चढतो, त्यामुळे बिल दिसायला एकदम फुगतं. तरी "वाढीव सगळं तूच दे" हे तिचं म्हणणं मला पटत नाही. पंचेचाळीसच्या उन्हात भट्टी झालेल्या खोलीत गार हवा दोघींना लागते. पण तू लिहितेस, कूलर "माझ्या कॉटशेजारच्या खिडकीत" आहे. हवा कुणाच्या तोंडावर येते ते बघ. कूलर सरकवून दोघींच्या मध्ये हवा येईल असा लावता आला तर वाढीव बिल निम्मं-निम्मं. नाही आला तर दोन हिस्से तुझे, एक तिचा. आणि कूलरच्या टाकीत रोज जे पाणी ओतावं लागतं ते कोण ओततं, हे पत्रात नाही. तेही धर. खोलीला वेगळा सबमीटर असेल तर 1 तारखेला दोघींनी मिळून आकडा बघून वहीत लिहा. आकडा दोघींच्या डोळ्यांपुढे असला की संशयाला जागा उरत नाही.

होळीचं तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते. सातपुड्यातल्या आदिवासींचा सगळ्यात मोठा सण होळी. त्याआधी भोंगऱ्याचे बाजार भरतात, मग गावोगावच्या होळ्या, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी तर दूरदूरची माणसं बघायला येतात. येत्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, तुला कुणी म्हणालं की यंदा माहेरी जाऊ नकोस, झोक्याची गाणी इथेच मोबाइलवर ऐक, तर कसं वाटेल? तिला तिची होळी तशी. शिवाय तुझं गाव तासाभरावर, तिला अर्धा दिवस एसटीत बसावं लागतं. तू दर आठवड्याला आईच्या हातचं जेवून येतेस, ती वर्षातून दोन-तीनदा. पण न सांगता गेली हे चुकलंच. कुलूप, दूध, काकूंचे प्रश्न, सगळं तुझ्यावर पडलं. "जातेस तेव्हा आधी सांग" हे मागायचा तुला पूर्ण हक्क आहे.

बोलायचं कसं, हा खरा अवघड भाग. तू अमळनेरची आहेस म्हणून एक आठवण करून देते. साने गुरुजी 1924 साली तुमच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून आले आणि पुढे तिथल्या छात्रालयाचं कामही त्यांच्याकडे आलं. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, अंथरुणं आवरून ठेवत, हे आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेलं आहे. त्यावरून आपल्या मनात बसलं की न बोलता करत राहावं, समोरच्याला आपोआप कळतं. पण त्याच छात्रालयासाठी गुरुजी हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढत, हे कमी लोकांच्या लक्षात असतं. खोली झाडणारा तो माणूस लिहून बोलतही होता. न बोलता सोसण्याचा दाखला म्हणून त्यांचं नाव घेता येणार नाही.

रात्री अकराला, झोपमोड झालेल्या डोक्याने बोलू नकोस. व्हॉट्सअ‍ॅपवर तर अजिबात लिहू नकोस, लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो आणि वाचणारी आपला राग त्यात भरून वाचते. खोलीतही नको. कॉलेज सुटल्यावर कुठेतरी चहाला बसा. सुरुवात पाण्यापासून कर: "इतके महिने पाणी तूच भरतेस, माझ्या लक्षातच आलं नाही." हे खरं आहे म्हणून म्हण, युक्ती म्हणून नको. मग तुझं एकच सांग, सगळ्यात जास्त त्रास देणारं. माझ्या मते ते फोनचं आहे. "माझी झोप सावध आहे गं, परीक्षा जवळ आली, फोन जरा हळू आवाजात घेशील का?" बस, इतकंच. "तू नेहमीच", "तुझं असंच असतं" हे शब्द तोंडात येऊ देऊ नकोस. नऊ महिन्यांचं गाठोडं एका चहात सोडलंस तर ती पहिली दोन वाक्यं ऐकेल आणि पुढे फक्त स्वतःला वाचवत राहील. भाडं आणि बिल नंतर एखाद्या दिवशी, वही घेऊन. आणि विचार: "माझं तुला काय खटकतं?" विचारलंस की गप्प राहा, उत्तर येऊ दे. ती मराठीत मोकळेपणाने बोलायला वेळ घेईल, ती तिची घरची भाषा नाही. तेवढा वेळ दे.

ती ऐकून घेईल, पण दोन दिवसांनी पुन्हा तेच होईल, असंही होऊ शकतं. सवय एका चहात सुटत नाही. पुन्हा एकदा, तितक्याच शांतपणे सांगायचं. तिसऱ्यांदाही तेच झालं तर मग तुला खरोखर वेगळ्या खोलीचा विचार करायला कारण आहे.

तू विचारलेले तीन पर्याय घेते. काकूंना सांगून तिला काढणं मला मुळीच पटत नाही. जिच्याशी तू अजून बोलली नाहीस तिला परीक्षेच्या तोंडावर रस्त्यावर आणणं हा अन्याय होईल, आणि धडगावच्या मुलीला देवपुरात एकटीला खोली मिळणं तुझ्याइतकं सोपं नाही. नाव-गाव विचारून "खोली देऊन झाली" म्हणणारे घरमालक सगळ्या शहरांत आहेत. तू स्वतः खोली बदलणं, आत्ता, महिनाभरासाठी, म्हणजे नवं डिपॉझिट, सामानाची ने-आण आणि अभ्यासाचे आठ दिवस पाण्यात. गप्प सहन करणं तर तू नऊ महिने करून पाहिलंस, त्याने काय झालं ते या पत्रात आहे. म्हणून बोल. पुढच्या वर्षाचं मात्र आज ठरवू नकोस. महिनाभर या नव्या पद्धतीने राहून बघा आणि परीक्षा संपल्यावर दोघींनी मिळून ठरवा. वेगळं राहायचं ठरलं तरी चालेल. रूम पार्टनर जिवाभावाची मैत्रीण झालीच पाहिजे असं कुठे आहे? हिशेब चोख, झोप शांत, दाराला कुलूप वेळेवर, इतकं जमलं तरी ते चांगलं नातं आहे.

हे सगळं साध्या कुरबुरींपुरतं आहे. हे सदर वाचणाऱ्या इतर मुला-मुलींसाठी एक वेगळं सांगते, कारण पाच-सहा जणांनी मिळून घेतलेल्या खोल्यांमधूनही पत्रं येतात. पैसे किंवा वस्तू चोरीला जाणं, मारहाण, धमकी, नशा, परक्या माणसांना रात्री खोलीत आणणं, लपून फोटो काढणं, जातीवरून हिणवणं, यात जुळवून घ्यायचं नसतं. त्याच दिवशी घरी आणि कॉलेजमधल्या भरवशाच्या शिक्षकांना सांगा. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची रॅगिंगविरोधी हेल्पलाइन 1800-180-5522 आहे. तातडीचा धोका वाटला तर 112. आणि खोली घेताना डिपॉझिटची पावती, सोडण्याआधी किती दिवस सांगायचं आणि लाइट बिल कसं धरायचं, या तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या. ओळखीचं घर असलं तरी.

बेटा, तुझ्या पत्रात मला एक जागा फार आवडली. डिसेंबरात तुला ताप आला होता आणि बाहेर कडाक्याची थंडी, तेव्हा तिने तिची गोधडी तुझ्यावर टाकली आणि स्वतः शाल घेऊन झोपली. हे तू कंसात लिहिलंस, जणू विषयाला सोडून. चहाला बसाल तेव्हा ते कंसाबाहेर काढ. तिला सांग की ते तुझ्या लक्षात आहे.

जमलं तर शुक्रवारीच बोल. शनिवारी तू गावाला जाशील, सोमवारपर्यंत तिला एकटीला विचार करायला दोन दिवस मिळतील. आणि मधल्या पाण्याच्या पाळीचं काय करायचं ते जाण्याआधी विचारून जा.